‘सुमो’ हे नाव ज्यांच्यावरून आलं, त्या सुमंत मूळगावकरांनी पिकअपचं इंजिन पुण्यात कसं आणलं?

पिकअपच्या कुठल्याही रीलखालच्या कमेंट उघडून बघा. तिथं एक भांडण कायम चालू असतं.

एक गट म्हणतो, जुनं इंजिन ते जुनंच. सेन्सर नाही, वायरिंगची कटकट नाही. रस्त्यात बंद पडलं तर जवळच्या गॅरेजचा पोरगा दोन पाने घेऊन येतो आणि तासाभरात गाडी चालू करून देतो. दुसरा गट म्हणतो, भावा, खंबाटकी चढताना ते जुनं इंजिन कसं रडायचं आठव. नव्या इंजिनात ओढ आहे, एव्हरेज आहे आणि धूरही नाही.

दोन्ही बाजूंचं थोडं थोडं बरोबर आहे. पण या भांडणात ज्या जुन्या इंजिनाचं नाव निघतं, ते आपल्याकडे आलं कुठून? ४०७ चं इंजिन, टाटामोबाइलचं इंजिन, पुढं सुमोत बसलेलं इंजिन, या सगळ्यांचा माग काढत गेलं की गाडी पिंपरी-चिंचवडला येऊन थांबते. आणि तिथं एका माणसाचं नाव येतं.

सुमंत मूळगावकर.

टाटा सुमोमधला ‘सु’ सुमंतचा आणि ‘मो’ मूळगावकरचा, हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. इंग्रजीत आडनाव ‘मो’ने लिहिलं जायचं म्हणून सुमो. पण त्यांनी सुमोपेक्षा कितीतरी मोठं काम केलं होतं. सुमो बाजारात आली तेव्हा तर ते हयातही नव्हते.

सिमेंटपासून झाली सुरुवात

मूळगावकरांचा जन्म ५ मार्च १९०६ चा, मुंबईतला. इंजिनिअरिंगचं शिक्षण त्यांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये घेतलं. भारतात परत आल्यावर ते सिमेंटच्या धंद्यात शिरले आणि पुढं एसीसी कंपनीत मोठ्या जबाबदारीवर पोहोचले.

इथं एक गोष्ट घडली, जी त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाची चावी आहे.

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि परदेशातून येणारी यंत्रसामग्री थांबली. सिमेंटचा कारखाना उभा करायचा तर मशिनरी बाहेरूनच आणायची, हे तोपर्यंत ठरलेलं होतं. मूळगावकरांनी ती मशिनरी भारतातच बनवून घेण्याचं काम अंगावर घेतलं आणि करून दाखवलं.

वस्तू बनवणं वेगळं आणि ती वस्तू बनवणारं यंत्र बनवणं वेगळं. ज्याच्याकडे दुसरं काम येतं, त्याला कुणाच्या जहाजाची वाट बघावी लागत नाही. युद्धाच्या काळात शिकलेला हा धडा ते पुढं कधी विसरले नाहीत.

१९४९ मध्ये ते टेल्कोत आले. टेल्को म्हणजे टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी, आजची टाटा मोटर्स. नावात लोकोमोटिव्ह आहे कारण १९४५ मध्ये जमशेदपूरला ही कंपनी सुरू झाली ती रेल्वेची वाफेची इंजिनं बनवायला. सोबत रस्ते दाबायचे रोलरही बनायचे. ट्रकचा तेव्हा पत्ता नव्हता.

जर्मनीचं इंजिन, तेही १५ वर्षांच्या बोलीवर

१९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार केला. मुदत १५ वर्षांची. त्याच वर्षी जमशेदपूरमधून पहिला ट्रक बाहेर पडला. पुढच्या जाळीवर मर्सिडीजचा तारा आणि नाव टाटा-मर्सिडीज-बेंझ.

त्या काळात ट्रक म्हटलं की पेट्रोलवर चालणाऱ्या अमेरिकन गाड्या डोळ्यासमोर यायच्या. जर्मन ट्रकमध्ये सहा सिलिंडरचं, सुमारे ४.६ लिटरचं डिझेल इंजिन होतं. डिझेल स्वस्त, इंजिन दणकट आणि ओझं ओढायला तयार. भारतातल्या मालवाहतुकीला डिझेलची सवय लागली त्यात या ट्रकचा मोठा वाटा आहे.

करार संपेल तेव्हा आपल्याकडे काय उरणार, हा प्रश्न मात्र पहिल्या दिवसापासून होता.

परदेशी कंपनीशी हात मिळवलेल्या अनेक कंपन्यांचं पुढं काय होतं ते आपण बघत आलोय. सुटे भाग बाहेरून येतात, इथं जोडले जातात, वर नाव लागतं. करार संपला की नकाशेही जुने आणि कंपनीही जुनी. मूळगावकरांनी त्या १५ वर्षांचा उपयोग शिकून घेण्यासाठी केला. एकेक भाग भारतात बनवायला घेतला. कास्टिंग, फोर्जिंग, गिअर, इंजिन ब्लॉक, सगळं. १९६९ मध्ये करार संपला, ट्रकवरून तारा उतरला आणि त्या जागी टाटांचा ‘टी’ आला. ट्रक चालवणाऱ्याला फरक कळलाही नसेल, कारण गाडी तशीच चालत राहिली.

पण या सगळ्याच्या तीन वर्षं आधी पुण्यात एक वेगळंच काम सुरू झालं होतं.

११ वर्षं गाडीच नाही, मग पुण्यात चाललं काय होतं?

१९६६. पिंपरीत तेव्हा हिंदुस्तान अँटिबायोटिक्स होती, एमआयडीसीचं बस्तान बसत होतं. बाकी बराचसा माळ होता. टेल्कोचा पुण्यातला प्रकल्प सुरू झाला तो या वर्षी.

आता ट्रकची कंपनी म्हटल्यावर लोकांना वाटणार, दोन-तीन वर्षांत गेटमधून ट्रक निघायला लागतील. पुण्यातून पहिली व्यावसायिक गाडी तयार होऊन निघाली १९७७ मध्ये. म्हणजे तब्बल ११ वर्षांनी.

मधल्या काळात इथं काय बनत होतं? मशिनी. डाय. जिग आणि फिक्शर. गाडीचा पत्रा ज्या साच्यात दाबला जातो तो साचा, इंजिनचा ब्लॉक ज्या मशिनीवर कापला जातो ती मशीन. सोबत पोरांना शिकवणारा प्रशिक्षण विभाग, आणि त्याच १९६६ मध्ये सुरू झालेलं इंजिनिअरिंग रिसर्च सेंटर.

वर्ष लक्षात घ्या. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून थेट साडेसात रुपयांवर गेला. परदेशातून आणायची प्रत्येक मशीन एका रात्रीत दीडपटीहून महाग झाली. परकीय चलन मिळवायचं तर सरकारी परवानग्यांच्या रांगेत उभं राहा. अशा वेळी मशीन बनवणारा कारखाना आधी आणि गाडी बनवणारा नंतर, हा मूळगावकरांचा क्रम किती हिशेबाचा होता ते कळतं.

आज तिमाहीचे आकडे बघून निर्णय घेणाऱ्यांना ११ वर्षांची वाट परवडणार नाही. तेव्हाही ती सोपी नव्हतीच. जेआरडी टाटांचा विश्वास पाठीशी होता म्हणून ते जमलं. पुढं जेआरडींनंतर टेल्कोचं अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आलं.

त्या माळावर त्यांनी हजारो झाडंही लावली. कारखान्याच्या आवारात तळं तयार झालं आणि तिथं पक्षी यायला लागले. त्या तळ्याला आज सुमंत सरोवर म्हणतात. मूळगावकरांना फोटोग्राफीचा आणि निसर्गाचा नाद होता. त्यांच्या पत्नी लीला मूळगावकर यांचं नावही विसरून चालणार नाही. मुंबईत ऐच्छिक रक्तदानाची चळवळ उभी करणाऱ्यांमध्ये त्या अग्रभागी होत्या.

इंजिनाच्या नावात लपलेला हिशेब

टाटांच्या जुन्या गाड्यांच्या नावात आणि इंजिनाच्या नंबरात एक गणित आहे. ते एकदा कळलं की पुढची तुलना सोपी जाते.

आधी गाडीचं नाव. ४०७ म्हणजे ढोबळमानाने ४ टनांच्या वर्गातली आणि ७० हॉर्सपॉवरची गाडी. २०६ म्हणजे २ टन आणि ६० हॉर्सपॉवर. १२१० म्हणजे १२ टन आणि १०० हॉर्सपॉवर. ही पद्धत मर्सिडीजकडून आलेली.

मग इंजिनाचा नंबर. ६९७ म्हणजे ६ सिलिंडर आणि प्रत्येकाचा बोअर, म्हणजे आतला व्यास, ९७ मिलिमीटर. टाटांच्या मोठ्या ट्रकचं हे गाजलेलं इंजिन, सुमारे ५.७ लिटरचं. ४९७ म्हणजे ४ सिलिंडर, बोअर तोच ९७. हे ४०७ चं इंजिन, २९५६ सीसीचं. आणि ४८३ म्हणजे ४ सिलिंडर, ८३ मिलिमीटर बोअर, १९४८ सीसी. हे टाटामोबाइलचं.

खात्री करायची असेल तर मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढा. ४८३ मध्ये पिस्टन ९० मिलिमीटर वरखाली होतो. व्यासावरून गोलाचं क्षेत्रफळ काढा, ९० ने गुणा, चारने गुणा. उत्तर बरोबर १९४८ सीसीवर येतं.

यातून आणखी एक गोष्ट दिसते. मोठ्या ट्रकसाठी जो ९७ चा बोअर वापरला, तोच छोट्या ट्रकसाठीही वापरला. जे जमलंय त्याच्याच आधाराने पुढचं उभं करायचं, ही टेल्कोची रीत होती.

चार जपानी कंपन्या आल्या आणि खरी परीक्षा सुरू झाली

टेल्कोला तोपर्यंत फारशी स्पर्धा नव्हती, हेही सांगायला पाहिजे.

परवाना राज होतं. ट्रक घ्यायचा तर टाटा नाहीतर अशोक लेलँड. त्यासाठीही नंबर लावून थांबावं लागायचं. गिऱ्हाईक रांगेत उभं असलं की कंपनीला बदलायची घाई नसते. वर्षानुवर्षं तोच ट्रक विकला गेला. केबिन तापायची, आवाज कान फाडायचा, ड्रायव्हर घामाने भिजायचा. मूळगावकरांच्या कारकिर्दीचं मोजमाप करताना ही बाजू लपवता येत नाही.

ऐंशीच्या दशकात सरकारने हलक्या व्यावसायिक गाड्यांसाठी जपानी कंपन्यांना दार उघडलं. एकापाठोपाठ एक चार जोड्या आल्या. डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी आणि ऑल्विन निसान. इकडं पुण्यातच आकुर्डीला बजाज टेम्पोची मॅटाडोर होतीच.

जपानी गाड्या बघून लोक हरखून गेले. इंजिन हलकं, पटकन फिरणारं, आवाज कमी. केबिन कारसारखी. एव्हरेजही चांगलं. टेल्को आता संपली, असं बोललं जाऊ लागलं. मोठ्या ट्रकच्या जोरावर बसलेली कंपनी छोट्या गाडीत जपानला काय टक्कर देणार?

टेल्कोकडे दोन रस्ते होते. आणखी एका परदेशी कंपनीला गाठायचं आणि नवा करार करायचा, किंवा स्वतःची गाडी काढायची. त्यांनी दुसरा निवडला. आणि जी गाडी काढायला जगात चार-पाच वर्षं लागायची, ती पुण्यात साधारण दीड वर्षात तयार झाली.

१९८६ मध्ये टाटा ४०७ आली.

दीड वर्षात कशी जमली? उत्तर मागच्या वीस वर्षांत आहे. डाय बनवणारा विभाग घरचा, मशिनी घरच्या, डिझाइन करणारे इंजिनिअर घरचे, आणि भोसरी-चिंचवडच्या शेडांमध्ये सुटे भाग बनवून देणारे लहान उद्योजक दारात. जपानी जोडीदार असलेल्या कंपनीला बदल करायचा तर आधी जपानला विचारावं लागायचं. टेल्कोच्या इंजिनिअरला पलीकडच्या शेडमध्ये जाऊन विचारलं की झालं.

मग ४०७ चं इंजिन जपान्यांपेक्षा भारी होतं का?

इंजिन टेबलावर ठेवून तुलना केली तर सरळ उत्तर देता येत नाही. जपानी इंजिन जास्त सफाईदार होतं. ४९७ जड होतं, आवाज करायचं, तीन लिटरचं असून सत्तरीच्या आसपास हॉर्सपॉवर द्यायचं.

पण गाडी टेबलावर चालत नाही, रस्त्यावर चालते.

आपल्याकडे गाडीवर कागदावर लिहिलेलं वजन कुणी भरायचं नाही. दोन टनांच्या गाडीत तीन टन ठरलेले. रस्ते खड्ड्यांचे, घाट उभे, डिझेलमध्ये भेसळ. अशा ठिकाणी कमी आरपीएमला जोर देणारं मोठं इंजिन शांतपणे ओढत राहतं. जास्त फिरून ताकद देणारं लहान इंजिन ओव्हरलोडला लवकर दमतं.

दुसरं कारण पैशाचं. सप्टेंबर १९८५ मध्ये अमेरिका, जपान आणि युरोपातल्या मोठ्या देशांनी न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात बसून डॉलर खाली आणायचं ठरवलं. त्याने जपानचा येन चढला. डॉलरला २४० च्या घरात मिळणारे येन १९८७ संपताना १२०-१२५ वर आले. जपानहून सुटे भाग आणून इथं गाडी जोडणाऱ्यांचा खर्च आवाक्याबाहेर गेला. ४०७ चे भाग इथलेच होते, त्यामुळे तिची किंमत टोकियोतल्या चलनबाजारावर अवलंबून नव्हती.

पुढं काय झालं? ऑल्विन निसान महिंद्राकडे गेली. डीसीएम टोयोटातून टोयोटा बाहेर पडली आणि तिथं देवू आली. आयशर आणि स्वराज टिकल्या, पण मालकीची गणितं बदलत गेली. ४०७ मात्र आजही त्याच नावाने विकली जाते.

टाटामोबाइल २०६: पिकअप इथून सुरू झाली

४०७ च्या यशानंतर दोनेक वर्षांत, १९८८-८९ च्या सुमारास, टेल्कोने आणखी खालच्या वर्गात हात घातला. टाटामोबाइल २०६. पुढं कारसारखी केबिन, मागं उघडा हौदा. टाटांची ही पहिली पिकअप आणि ती पुण्यात तयार झाली.

तिच्यातलं १९४८ सीसीचं ४८३ इंजिन ४०७ पेक्षा वेगळ्या जातीचं होतं. ४०७ मध्ये डिझेलचा फवारा थेट पिस्टनच्या डोक्यावरच्या खळग्यात पडतो. त्याला डायरेक्ट इंजेक्शन म्हणतात. टाटामोबाइलमध्ये फवारा आधी हेडमधल्या एका छोट्या खोलीत पडायचा, तिथं पेट घ्यायचा आणि मग ती आग सिलिंडरमध्ये उतरायची. याला इनडायरेक्ट इंजेक्शन म्हणतात.

फायदा काय? इंजिन मऊ चालतं, ठोका कमी येतो आणि जास्त आरपीएम घेतं. म्हणजे कारसारखं चालवता येतं. तोटा असा की त्या छोट्या खोलीच्या भिंतींमधून उष्णता वाया जाते, म्हणून डिझेल थोडं जास्त लागतं. थंडीत सकाळी हीटर प्लग तापल्याशिवाय इंजिन उठत नाही. टर्बोही नव्हता. ताकद सत्तर हॉर्सपॉवरच्या आत.

आकडे किरकोळ वाटतील, पण या पिकअपने एक दार उघडलं. तिच्याच सांगाड्यावर आणि इंजिनावर १९९१ मध्ये सिएरा आली, १९९२ मध्ये इस्टेट आणि १९९४ मध्ये सुमो. ट्रकची कंपनी प्रवासी गाड्यांकडे वळली ती या पिकअपवरून. १९९८ च्या इंडिकाचं इंजिनही जुन्याच पद्धतीने ओळखलं गेलं. ४७५ म्हणजे ४ सिलिंडर, ७५ मिलिमीटर बोअर, १४०५ सीसी.

शेवटचे दिवस आणि मागं राहिलेलं नाव

१९८८ च्या अखेरीस मूळगावकरांनी टेल्कोचं अध्यक्षपद रतन टाटांकडे दिलं. तो काळ शांत नव्हता. पुण्याच्या कारखान्यात कामगारांचा संघर्ष पेटत चालला होता. सप्टेंबर १९८९ मध्ये कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले, ते पुण्याच्या कामगार चळवळीतलं मोठं पान आहे. मूळगावकरांनी ते पाहिलं नाही. १ जुलै १९८९ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

पाच वर्षांनी टेल्कोने नव्या गाडीला त्यांचं नाव दिलं. पंचवीस वर्षं, २०१९ पर्यंत, सुमो रस्त्यावर येत राहिली. वऱ्हाडाला, आजारी माणसाला तालुक्याला न्यायला, निवडणुकीच्या प्रचाराला.

या नावाबरोबर एक गोष्ट व्हॉट्सअपवर फिरत असते. मूळगावकर दुपारी गायब व्हायचे, लोकांना वेगळाच संशय आला, पाठलाग केला तर साहेब हायवेच्या ढाब्यावर ट्रक ड्रायव्हरांसोबत जेवत गाडीच्या तक्रारी ऐकत बसलेले. गोष्ट ऐकायला झकास आहे आणि म्हणूनच ती इतकी फिरते. पण मोठेपणासाठी त्यांना ढाब्याच्या गोष्टीची गरज नाही. ११ वर्षं गाडी न काढता मशिनी बनवत बसण्याची हिंमत त्यापेक्षा दुर्मिळ आहे.

आता कमेंटमधल्या भांडणाकडे येऊ

जुनं इंजिन भारी की नवं?

टाटांच्याच पिकअप एका रांगेत उभ्या करू. पहिली टाटामोबाइल २०६, तिचं १९४८ सीसीचं साधं इंजिन. नंतरची २०७ डीआय. नावातलं डीआय म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन. यात ४०७ चं २९५६ सीसीचं इंजिन पिकअपमध्ये आलं. त्यानंतर झेनॉन आणि योद्धा, त्यांच्यातलं २१७९ सीसीचं टर्बो असलेलं कॉमन रेल इंजिन.

टाटामोबाइलच्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे ओढ, १२० न्यूटन-मीटरच्या आसपास. बीएस-६ योद्धाच्या २.२ लिटर इंजिनाची ताकद १०० हॉर्सपॉवर आणि टॉर्क २५० न्यूटन-मीटर. दर लिटरमागे हिशेब केला तर जुन्याचे साठेक, नव्याचे एकशे पंधरा. म्हणजे जवळपास दुप्पट.

ही किमया टर्बोची आणि कॉमन रेलची. टर्बो सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो. कॉमन रेलमध्ये डिझेल एका जाड नळीत प्रचंड दाबाखाली तयार उभं असतं. जुन्या इंजिनाचं नोझल शंभर-दोनशे बारला उघडायचं. कॉमन रेलचा दाब हजार बारच्या पुढं जातो. आपल्या कारच्या टायरमधली हवा दोन-सव्वादोन बारची असते, त्यावरून अंदाज करा. इतक्या दाबाने डिझेलचं धुकं होतं, ते नीट जळतं. कधी, किती आणि किती वेळा फवारायचं हे कॉम्प्युटर ठरवतो.

मग नव्याचं दुखणं कुठं आहे? याच गोष्टींमध्ये. इतक्या बारीक कामाच्या इंजेक्टरला घाणेरडं डिझेल चालत नाही. बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. इंजेक्टर गेला तर बिल हजारांत येतं. धूर गाळणारी जाळी भरली की शहरात थांबत थांबत चालणारी गाडी त्रास देते. मार्केट यार्डातून रोज पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्याला हे जास्त जाणवतं. चाकण-मुंबई करणाऱ्याला कमी, कारण हायवेला इंजिन तापतं आणि जाळी साफ होत राहते.

जुन्याची बाजू घेताना एक गोष्ट सोयीस्कर विसरली जाते. धूर. घाटात जुन्या पिकअपमागं दुचाकीवर अडकलेल्या माणसाला विचारा. पुण्यात बीएस-३ नियम १ एप्रिल २००५ ला आला, बीएस-४ हा १ एप्रिल २०१० ला आणि देशभर बीएस-६ हा १ एप्रिल २०२० ला. डिझेलमधलं गंधक बीएस-३ मध्ये दशलक्षात ३५० भाग होतं, बीएस-४ मध्ये ५० आणि बीएस-६ मध्ये फक्त १०. जुन्या इंजिनाचा साधेपणा मालकाचे पैसे वाचवतो, पण त्याचा हिशेब मागच्याच्या फुप्फुसात जातो.

त्यामुळे विकत घेताना प्रश्न असा विचारायला हवा. रोजचं अंतर किती, भार किती, घाट आहे का, डिझेल कुठून भरणार आणि बिघाड झाला तर हात लावणारा माणूस किती लांब आहे?

शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा, आणि तोच मूळगावकरांच्या आयुष्याशी जोडलेला आहे.

४९७ किंवा ४८३ ही इंजिनं जगात सगळ्यात आधुनिक होती म्हणून चालली नाहीत. त्यांचा प्रत्येक भाग बनवणारा, बसवणारा आणि दुरुस्त करणारा माणूस इथं तयार झाला होता म्हणून ती चालली. टेल्कोच्या प्रशिक्षण विभागातून शिकलेली पोरं, भोसरीचे वर्कशॉपवाले, नाना पेठेत सुटे भाग विकणारे, गावोगावचे फिटर. गॅरेजमधला पोरगा दोन पान्यांत गाडी चालू करतो, त्यात त्या इंजिनाच्या साधेपणाइतकाच या साखळीचाही हात आहे.

नव्या इंजिनाबद्दलची भीती बऱ्याच अंशी ही साखळी अजून पुरी झाली नाही याची भीती आहे. तालुक्याच्या गॅरेजमध्ये स्कॅनर आला, तो वाचायला शिकलेला पोरगा आला आणि इंजेक्टर दुरुस्त करणारं दुकान जवळ आलं, की ती भीती कमी होईल. इलेक्ट्रिक पिकअपच्या बाबतीतही हाच प्रश्न येणार आहे. बॅटरी आणि मोटर बाहेरून आणून इथं नुसती जोडायची, की ती बनवणारी मशीन आणि दुरुस्त करणारा माणूस आधी तयार करायचा?

पिंपरीच्या माळावर १९६६ मध्ये एका माणसाने या प्रश्नाचं उत्तर देऊन ठेवलंय. त्याला ११ वर्षं लागली. पण त्यानंतर जेव्हा चार जपानी कंपन्या एकदम आल्या, तेव्हा उत्तर द्यायला दीड वर्ष पुरलं.